आधी कडी लावा: जोडप्यांच्या थेरपीत शरीराचं काम कसं करायचं

माझ्या दादरच्या खोलीत जोडप्यांसाठी तीन माणसांचा सोफा आहे. पहिल्या दिवशी नवरा-बायको दोन टोकांना बसतात आणि मधल्या जागेत पर्स येते. कुणी ठरवून ठेवत नाही, ती तिथेच जाते. मग वीसेक मिनिटं मला सांगितलं जातं की तसं सगळं छान आहे, फक्त ‘ते’ जमत नाही. लग्नाला चार वर्षं झाली, घरचे विचारायला लागलेत, डॉक्टरांना दाखवलं, रिपोर्ट नॉर्मल आहेत. हे चालू असताना नवऱ्याचा गुडघा शिलाई मशीनवर पाय असल्यासारखा हलतोय आणि बायकोचा अंगठा पर्सच्या चेनवरून पुढे-मागे, पुढे-मागे.

मी विचारते, “आत्ता अंगठा काय करतोय?” ती दचकते, हसते, हात मांडीखाली घेते. आमचं काम तिथून सुरू होतं.

बोलण्यातून जे निसटतं ते श्वास, जबडा, खांदे, पोट, पाय यांच्याकडून समजून घ्यायचं आणि बदलही तिथूनच सुरू करायचा, ही या थेरपीची रीत. यात चक्रं नाहीत, ऊर्जा सोडणं नाही, कुणाच्या अंगात येत नाही. लेख अशा जोडप्यांसाठी आहे. नुकत्याच या कामात आलेल्या समुपदेशकांनाही उपयोग होईल. उदाहरणांत दोन-तीन जोडप्यांची मिळून एक गोष्ट केली आहे, ओळख पटू नये म्हणून.

लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या किन्झी इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेल्या जॉन बँक्रॉफ्ट आणि एरिक यान्सन यांनी कामेच्छेचं एक मॉडेल मांडलं. ते मी टॅक्सीवरून समजावते. गाडीला एक्सलरेटर असतो तसा ब्रेकही असतो, आणि दोन्ही वेगवेगळे असतात. जोडपी येतात ती एक्सलरेटर दाबायला: गोळी, तेल, नवी नाइटी, मोबाइलवरचे व्हिडिओ. ब्रेकवरचा पाय तसाच. मुंबईत तर या ब्रेकला पत्ता असतो. पार्टिशनपलीकडचा सासूबाईंचा खोकला, करकरणारा पलंग, सकाळची ७.४२ची लोकल, दिवस राहतील ही धास्ती, आणि ‘मागच्या वेळी झालं नाही, आज झालंच पाहिजे’ हा हिशोब. शेवटचा सगळ्यात जड. ताठरता येते ती शरीर निवांत असताना कामाला लागणाऱ्या पॅरासिम्पथेटिक नसांमुळे. वीर्यपतन घडवतात त्या उलट बाजूच्या, धावपळीच्या नसा. परीक्षेला बसल्यासारखी धडधड असली की पहिलं काम अडतं आणि दुसरं वेळेआधी उरकतं. मर्दपणाचा इथे काही संबंध नाही.

शरीराला हात घालण्याआधी

आधी डॉक्टर. ताठरतेची तक्रार नव्याने सुरू झाली असेल तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे अडथळा तिथे आधी जाणवतो. काही पुरुषांत ही हृदयविकाराची काही वर्षं आधीची सूचना असते. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी इच्छा कमी होऊ शकते, शेवट लांबू शकतो. हे कळल्यावर गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, ज्यांनी लिहून दिल्या त्यांनाच विचारा. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी मित्राकडून घेऊन खाल्ली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. स्त्रीला दुखत असेल तर जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस, बाळंतपणातले टाके, अंगावर दूध पाजतानाचा किंवा पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा हे सगळं स्त्रीरोगतज्ज्ञाकडून पाहून घ्यायचं. “सवय होईल हळूहळू” असं कुणी सांगितलं तर दुसरा डॉक्टर गाठा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मी दोघांना एकेकदा वेगळं भेटते आणि विचारते, “घरात कुणाची भीती वाटते का?” मारहाण असेल, धमकी असेल, नकार दिल्यावर चार दिवस अबोला आणि घरखर्च बंद असेल, तर यातला एकही व्यायाम द्यायचा नाही. जिथे ‘नाही’ म्हणायची सोय नाही तिथे स्पर्शाचा गृहपाठ म्हणजे जबरदस्तीला थेरपीचा शिक्का. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यात लैंगिक छळाचाही समावेश आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं, पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं झाली. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. अशा वेळी जोडप्याची थेरपी बाजूला ठेवून तिथला रस्ता दाखवायचा.

कुणाकडे जायचं? लोकलच्या डब्यातल्या ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’वाल्या कागदांकडे तर नाहीच. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला १९५४च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या कागदांचा डिंक काही सुकत नाही. पाटीवरच्या ‘सेक्सॉलॉजिस्ट’ या शब्दापेक्षा खालची पदवी वाचा: मानसोपचारतज्ज्ञ असेल तर एमडी किंवा डीपीएम, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. पैशांची अडचण असेल तर केईएम, नायर, सायन इथे मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. रांग लांब असते, पण माणसं शिकलेली असतात. आणि हा नियम पाठ करा: या थेरपीत थेरपिस्ट तुम्हाला लैंगिक स्पर्श करत नाही, त्याच्यासमोर कपडे काढायचे नसतात, तुमचं खासगी काही त्याला ‘करून दाखवायचं’ नसतं. सगळा गृहपाठ घरी, दोघांतच. शारीरिक तपासणी लागली तर ती डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट करतात, तुमची परवानगी घेऊन, हवं तर सोबत कुणाला ठेवून. याच्या बाहेर काही होत असेल तर उठा आणि निघा.

शब्द ठरवा

हे टाळून पुढे जाता येत नाही. मराठीत या अवयवांना आणि क्रियांना दोनच तऱ्हेचे शब्द उरलेत, एक संस्कृत पोथीतले आणि दुसरे शिव्यांतले. मधलं घरगुती काहीच नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, या कामापायी कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गमावली. त्याला शंभरेक वर्षं झाली तरी इंजिनीअर झालेली मुलं माझ्यासमोर ‘ते’ आणि ‘तिकडे’ एवढ्यावर भागवतात.

म्हणून दोघांनी बसून कागदावर आपले शब्द लिहायचे. इंग्रजी चालतील, लाडाचे चालतील, नव्याने पाडलेले चालतील. अट एकच, दोघांपैकी कुणालाही तो शब्द शिवीसारखा लागता कामा नये. एका जोडप्याने स्टेशनांची नावं घेतली होती. हसत हसत का होईना, बाई पहिल्यांदा सांगू शकली की कुठे दुखतं.

कडी

सुरुवातीच्या वर्षांत मी पुस्तकातून शिकलेला गृहपाठ जसाच्या तसा देत होते. लालबागचं एक जोडपं चार आठवडे काहीही न करता परत येत राहिलं. मी मनात निदानं बांधत होते: टाळाटाळ, प्रतिकार, जुना राग. पाचव्या खेपेला सहज विचारलं, “तुम्ही झोपता कुठे?” दहा बाय बाराच्या खोलीत पलंगावर सासरे, खाली गादीवर सासूबाई आणि मुलगी, पडद्यापलीकडे किचनच्या ओट्याखाली हे दोघं. कडी होती, पण ती खोलीच्या बाहेरच्या दाराला. चार आठवडे मी त्यांना अशक्य गोष्ट सांगत होते आणि ते बिचारे मॅडमना वाईट वाटेल म्हणून गप्प होते.

तेव्हापासून पहिल्या भेटीत घराचा नकाशा काढून घेते. कोण कुठे झोपतं, कोण किती वाजता उठतं, मोरीला जायला कुणाच्या अंगावरून जावं लागतं. मग आठवड्यातल्या दोन वेळा शोधायच्या, प्रत्येकी चाळीस मिनिटांच्या. रात्रच हवी असं नाही. दिवसभर दोन गाड्या बदलून आलेल्या माणसाला रात्री अकरानंतर त्वचेचं तापमान बघत बस म्हणणं अन्यायाचं आहे. रविवारी आई-बाबा देवळात जातात ती वेळ, मुलं आत्याकडे जातात ती दुपार, दोघांची एकत्र काढलेली अर्ध्या दिवसाची रजा. भाऊ-भावजयीशी अदलाबदलही होते: तुमच्या दोन तास पोरं आम्ही सांभाळू, आमच्या दोन तास तुम्ही. कारण सांगायची गरज नसते, सगळ्यांना कळतं. जागा मिळतच नसेल तर पहिल्या पायऱ्या वरळी सी फेसच्या कट्ट्यावर किंवा मरीन ड्राइव्हला बसूनही होतात. तिथे शेजारी शेजारी बसलेल्या जोडप्यांत लग्न होऊन दहा वर्षं झालेली कितीतरी असतात.

घरात असाल तर कडी लावायची, आणि लावलीय हे दोघांनी उठून बघायचं. एकाने लावून “लावलीय गं” म्हणून भागत नाही. ज्याच्या पोटात गोळा येतो त्याने स्वतःच्या हाताने ओढून बघितली पाहिजे.

कपड्यांसकट, बसल्या जागी

पहिले दोन आठवडे स्पर्श नाहीच. रोज पाच मिनिटं एकट्याने बसायचं आणि टाळूपासून पावलांपर्यंत चौकशी करत यायचं: कपाळ आवळलंय का, दात दातांवर आहेत का, जीभ टाळूला चिकटलीय का, खांदे कानांकडे गेलेत का, पोट आत ओढून धरलंय का. बदलायचं काही नाही, नोंद घ्यायची. बायकांना पोटाशी आल्यावर बहुतेकदा कळतं की आपण वयात आल्यापासून ते आत धरून बसलोय.

मग श्वास. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून बाहेरचा लांब ठेवायचा. रोखून धरायचा नाही, जोर लावायचा नाही, चक्कर आली तर सोडून द्यायचं. सराव स्लो लोकलमध्ये करा, एका स्टेशनापासून पुढच्या स्टेशनापर्यंत. बसायला मिळालं तर उत्तम, उभ्यानेही जमतं. या श्वासाभोवती सध्या पॉलीव्हेगल नावाच्या थिअरीची बरीच कार्यशाळा-विक्री चालते. स्टीफन पोर्जेस यांनी १९९४ साली ती मांडली. तिच्यातल्या मज्जासंस्थेच्या दाव्यांवर शरीरशास्त्रज्ञांचे गंभीर आक्षेप आहेत. लांब श्वास सोडल्याने बरं वाटायला ती थिअरी खरी असावीच लागत नाही, म्हणून मी तिच्या नादाला लागत नाही.

तिसरा व्यायाम दोघांचा, ‘थांब’चा. एक जण भिंतीशी उभा, दुसरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला. दुसऱ्याने हळूहळू पावलं टाकत यायचं. भिंतीशी उभ्या असलेल्याने आपल्या शरीराकडे लक्ष ठेवायचं आणि नको वाटेल तिथे “थांब” म्हणायचं. ऐकणाऱ्याने त्याच पावलावर थांबायचं. रुसायचं नाही, “एवढ्या लांब?” विचारायचं नाही. मी सांगितलेल्या त्या पर्सवालीने नवरा हाताच्या अंतरावर आल्यावर “थांब” म्हटलं. पण त्याआधी दोन पावलं तिच्या पायांची बोटं चपलेत आवळली गेली होती. मी बघत होते. दुसऱ्यांदा मी तिला सांगितलं, बोटं आवळतील तिथेच बोल. या खेपेला तो खोलीच्या मधोमध थांबला. दोघंही गप्प. मग तो म्हणाला, “म्हणजे घरी मी कायम या रेषेच्या आत असतो.” एवढ्या दिवसांत त्याचं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं वाक्य हेच.

या व्यायामात एका शब्दाला बंदी आहे: ‘चालेल’. आपल्याकडे ‘चालेल’ म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. चहा साखरेचा चालेल, खिडकी नाही मिळाली तरी चालेल, आज रात्री... चालेल. कित्येक संसारांत शरीरसंबंधांचं सगळं व्याकरण या एका शब्दावर उभं आहे. त्याच्या जागी तीन उत्तरं ठेवायची: ‘हवंय’, ‘नको’ आणि ‘अजून कळत नाहीये, जरा थांब’. तिसऱ्याला पहिल्याइतकाच मान द्यायचा.

भांडणाचं थोडक्यात सांगते. जोडप्यांवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या अभ्यासात भांडताना ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही असं दिसलं, आणि शरीर खाली यायला निदान वीस मिनिटं लागतात. तेव्हा मनगटावर बोटं ठेवा, शंभराच्या वर वाटलं तर “अर्ध्या तासाने बोलू” असं वेळ सांगून उठा. गॅलरीत जा, जिन्यात बसा, खाली जाऊन दूध आणा. त्या वेळात मनातल्या मनात पुढचं वाक्य धारदार करत बसलात तर ठोके उतरत नाहीत. आणि सांगितलेल्या वेळेला परत या, नाहीतर ते उठून जाणंच नवं भांडण होतं.

स्पर्शाचा गृहपाठ

याचं मूळ नाव सेन्सेट फोकस. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी अमेरिकेत सेंट लुईसमध्ये ही पद्धत बसवली, १९७० साली जगापुढे ठेवली, आणि सेक्स थेरपी आजही तिच्यावर उभी आहे. पहिला नियम ऐकून जोडपी एकमेकांकडे बघतात: मी सांगेपर्यंत शरीरसंबंध बंद. इच्छा झाली तरी बंद. नवऱ्याच्या चेहऱ्यावर नाराजी येते आणि त्याच वेळी खांदे दोन इंच खाली येतात. परीक्षाच रद्द झाली, नापास होणार कसं?

पहिला टप्पा असा. मोबाइल खोलीबाहेर ठेवा. मोजायला साधं घड्याळ बरं. उजेड मंद, पण अंधार नको. कपडे जेवढे काढणं दोघांनाही सोपं जाईल तेवढेच. पूर्ण कपड्यांत सुरू केलं तरी चालतं. एक जण आडवा होतो, दुसरा पंधरा मिनिटं त्याला स्पर्श करतो: केस, कपाळ, कान, मान, पाठ, हात, तळवे, पाय. छाती आणि जननेंद्रियं वर्ज्य, चुंबनही नाही. मग अदलाबदल. ज्याला ‘नको’ म्हणणं जड जातं, त्याच्या हातात आधी सूत्रं द्या.

गंमत पुढे आहे. स्पर्श समोरच्याला बरं वाटावं म्हणून करायचा नाही. करणाऱ्याने आपल्या बोटांना काय कळतंय तेवढंच बघायचं: गरम की गार, मऊ की खरखरीत, दाबलं तर आत जातं की टणक लागतं. हे आपल्या बायकांना अतोनात कठीण. दोन मिनिटांत त्या नवऱ्याचे पाय चेपायला लागतात. पुरुष खांदे रगडतात, कारण काहीतरी ‘केल्या’सारखं वाटतं. चेपणं, रगडणं, मालिश सगळी सेवा आहे; चांगलीच आहे, पण तिला दुसरा दिवस द्या.

वेग हळू ठेवा. केस असलेल्या त्वचेत एका प्रकारचे मज्जातंतू असतात, ते सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर या गतीच्या, कोमट हाताच्या हलक्या स्पर्शाला सगळ्यात चांगला प्रतिसाद देतात. मनगटापासून कोपरापर्यंत जायला साधारण आठ सेकंद लागली पाहिजेत. करून बघा, आपण नेहमी किती घाईत हात फिरवतो ते कळेल.

मन भटकणारच. छोले भिजत घातले का, उद्याचा मेगाब्लॉक कुठल्या लाइनला आहे, आपलं पोट सुटलेलं दिसतंय का. शेवटचा प्रकार तर असा की माणूस पलंगावर असतो आणि त्याचं लक्ष छतावर बसून स्वतःला मार्क देत असतं. भटकल्याबद्दल स्वतःला रागवायचं नाही, बोटांखाली गरम आहे की गार एवढं विचारून परत यायचं. दिवसाला वीसदा भटका, वीसदा या. ज्याला स्पर्श होतोय त्याचं काम एकच: नकोसं, गुदगुल्यांचं, दुखणारं असेल तर तोंडाने सांगायचं किंवा समोरच्याचा हात उचलून दुसरीकडे ठेवायचा. “छान”, “वा” अशी दाद द्यायची नाही, कारण दाद मिळाली की समोरचा पुन्हा तिच्यासाठी खेळायला लागतो.

त्याच रात्री चर्चा नको. शंभर पानी वही घ्या, तीन रकाने आखा: तापमान, पोत, दाब. दुसऱ्या दिवशी दोघांनी आपापल्या दोन ओळी लिहायच्या. ‘आवडलं’, ‘बरं वाटलं’, ‘काही वाटलं नाही’ हे शब्द वहीत चालत नाहीत.

इथे बायकांचा नेहमीचा प्रश्न येतो: “मला मुळात इच्छाच होत नाही, मग बसायचं कशाला?” कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलं की अनेक स्त्रियांत इच्छा आधी येऊन स्पर्शाकडे नेत नाही, जवळीक, निवांतपणा आणि स्पर्श यांच्या मागून ती येते. म्हणजे इच्छा नसताना बसण्यात खोटेपणा नाही, फक्त बसायची तयारी मनापासून हवी. तयारी नसेल तर त्या दिवशी ‘नको’.

पुढचे टप्पे पटकन सांगते, कारण पहिला नीट झाला की ते फारसे अडत नाहीत. दुसऱ्यात छाती आणि जननेंद्रियांवरची बंदी उठते, पण हात तिथे मुक्काम करत नाही, येता-जाता थांबतो. ताठरता आली तर येऊ द्या, गेली तर जाऊ द्या. तिसऱ्यात दोघं एकाच वेळी एकमेकांना स्पर्श करतात. चौथ्यात शरीरं जवळ, पण प्रवेशाशिवाय. त्यानंतर प्रवेश, हालचालीशिवाय, तोच गरम-गार बघत. पुढच्या टप्प्यावर कधी जायचं? सलग तीन वेळा दोघांपैकी कुणीही घड्याळ बघितलं नाही आणि कुणाचंही पोट आवळलं नाही, तेव्हा. माझ्याकडे काहींना पहिल्या टप्प्याला तीन आठवडे लागतात, काहींना तीन महिने. जोडपं दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं असलं तरी पायऱ्या याच, शेवटचा टप्पा त्यांनी आपल्याप्रमाणे ठरवायचा.

बंदी बरीच जोडपी मोडतात आणि खाली मान घालून येतात. मी ओरडत नाही. दोघांनी ‘हवंय’ म्हटलं होतं का, एवढं विचारते. एकाने ‘चालेल’ म्हटलं असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

दुखतं, लवकर होतं, टिकत नाही

प्रवेशाच्या वेळी योनीमुखाभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि दुखतं, त्याला व्हजायनिस्मस म्हणत. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी पुस्तकात, २०१३च्या डीएसएम-५ मध्ये, ते आणि संबंधाच्या वेळचं दुखणं एकाच निदानात घेतलं गेलं. ही बाई नाटक करत नसते. डोळ्यात कचरा जाताना पापणी मिटते तसं हे आहे. दारू पाजून, “एकदा सहन कर” म्हणून, जोर लावून ते वाढतं. काम करायचं ते ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, शक्यतो त्यात शिकलेल्या फिजिओथेरपिस्टबरोबर. श्वास सोडताना पोट मऊ, जबडा सैल, आणि लघवी सुरू होताना खालचे स्नायू जसे सुटतात तसे सोडायचे. मग स्वतःचं बोट, मग लहानापासून मोठ्यापर्यंतचे डायलेटर (आत घालायच्या गुळगुळीत नळ्या), प्रत्येक माप तिच्या हातात आणि तिच्या गतीने. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली सांगितलेला आवळण्याचा व्यायाम ढिल्या पडलेल्या स्नायूंसाठी आहे. इंटरनेटवर वाचून दिवसाला शंभरदा आवळणाऱ्या मुली माझ्याकडे दुखणं वाढवून आल्या आहेत. वंगण पाण्याचं वापरा. घरातलं खोबरेल लॅटेक्सच्या कंडोमला कमकुवत करतं, तो फाटू शकतो.

लवकर होत असेल तर जेम्स सेमन्स या यूरॉलॉजिस्टने १९५६ साली सांगितलेली थांबा-चला पद्धत. आधी एकट्याने: आता थांबवता येणार नाही असं वाटण्याच्या अलीकडे थांबायचं, लाट ओसरू द्यायची, पुन्हा सुरू. तीनदा थांबून चौथ्यांदा जाऊ द्यायचं. मग जोडीदाराच्या हाताने, मग पुढे. यात शरीराकडे बघणाऱ्यांना एक गोष्ट लवकर सापडते: त्या क्षणाच्या आधी मांड्या आणि कुल्ले दगडासारखे होतात, श्वास अडकतो. मांड्या सोडल्या की लाट जरा मागे सरते. क्रिकेटचा स्कोअर आठवणं वगैरे मित्रांचे उपाय उलटे आहेत. लक्ष काढून घेतलं तर तो क्षण आधी कळणार कसा?

ताठरता टिकत नसेल आणि तपासण्या नीट असतील, तर दुसऱ्या टप्प्यात ती मुद्दाम जाऊ द्यायची. हात काढायचा, दोन मिनिटं श्वास, पुन्हा स्पर्श. येते, जाते, परत येते हे तीन-चार वेळा अनुभवलं की ‘गेली म्हणजे संपलं’ ही धास्ती उतरते. बायकोने त्या दोन मिनिटांत उसासा टाकायचा नाही, आणि “काही हरकत नाही हं” असंही म्हणायचं नाही. ते ऐकून बरं वाटलेला पुरुष मला अजून भेटायचाय.

मध्येच कुणाला अंग बधिर झाल्यासारखं वाटलं, हुडहुडी भरली, लहानपणीचं काही डोळ्यांपुढे आलं, आपण तिथे नाहीच असं वाटायला लागलं, तर तिथेच थांबा. दिवा लावा, पाय फरशीवर टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, पाणी प्या. त्या आठवड्यात गृहपाठ नाही. पुढची भेट त्या व्यक्तीने एकट्याने घ्यायची. रात्रीबेरात्री आधार लागला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

लालबागच्या त्या जोडप्याची वही त्यांच्या परवानगीने माझ्याकडे आहे. रविवारी सासू-सासरे सिद्धिविनायकाला जात, मुलगी शेजारच्या काकूंकडे. तेवढ्या वेळात त्यांनी पहिला टप्पा अकरा वेळा केला. चौथ्या रविवारी तिच्या अक्षरात आहे: ‘डावा तळहात गार. पाठीचा मधला भाग गरम, खरखरीत. दाब कमी हवा होता, सांगितलं नाही.’ पाचव्या रविवारी तिने एकच ओळ लिहिलीय: ‘दाब कमी हवा होता, सांगितलं.’ त्याखाली त्याच्या अक्षरात, पेन्सिलने: ‘हात उचलून खांद्यावर ठेवला. तिची बोटं गरम होती.’